मागच्या सीटची काच

भाऊ, तू घरच्या पलंगावर गेलास. मुनग्याच्या शेंगांची भाजी आणि भात जेवलास, "जरा पडतो" म्हणालास, पंखा पाचावर केलास आणि पडलास तो पडलासच. वहिनीचा फोन आला तेव्हा मी नवा रायपुरात ऑफिसात होते. ती म्हणाली, "नंदाताई, हे गेले." अशा वेळी माणूस काय झालं, कसं झालं, असं काहीतरी विचारतो. मी विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "घरीच. पलंगावर." आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून बरं झालं म्हणणारी बहीण त्यांनी कुठं पाहिली असणार. वहिनीला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. ती हळूच म्हणाली, "हव, ताई." रडू नंतर आलं, घरी येताना गाडीत. नवा रायपुरातल्या त्या लांबलचक रिकाम्या रस्त्यांवर रडायला कोणाची अडचण नसते.

तुझी तेरवी होऊन चार दिवस झालेत. भेटायला येणारा जो तो "अचानक गेले हो" म्हणतो आणि मी मान हलवते. अचानक कसलं? तू पोलीस खात्यात ड्रायव्हर झालास आणि तुझी दक्षिणेकडे, बस्तरच्या जंगलात बदली झाली, तेव्हापासून आम्ही धरूनच चाललो होतो. अवेळी फोन वाजला की बाबा फोनकडे जायचे आणि आई देवाकडे. रस्त्यात पुरलेलं काहीतरी फुटेल, नाहीतर झाडाआडून कोणीतरी नेम धरेल, यांतलं एक. नऊ वर्षं असं चाललं. नंतर तुला रायपूरला खात्याच्या वर्कशॉपमध्ये आणलं, गाड्या दुरुस्त करायला, तरी आमची सवय गेली नाही. आई-बाबा गेले आणि ती सवय मला देऊन गेले. म्हणून तू त्रेसष्टाव्या वर्षी, पोटभर जेवून, पंख्याखाली हृदय बंद पडून गेलास, तेव्हा मला कोणाला तरी चकवल्यासारखं वाटलं. वाईट वाटलंच. तुझ्याशिवाय मला "नंदे" म्हणणारं आता कोणी उरलं नाही. पण आधी हायसं वाटलं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

लपवायचं ते मी सात वर्षं लपवलं. तूही लपवलंस, आणि तुझं माझ्यापेक्षा मोठं निघालं.

माझ्या अर्थखात्यातल्या नोकरीचा तुला राग नव्हता, चेष्टा मात्र रोजची होती. कोणत्याही खात्याला काही घ्यायचं असलं की खर्चाची फाइल माझ्या टेबलावरून जाते, आणि बहुतेक वेळा चार प्रश्न घेऊन परत जाते. "तुह्या पेनात शाई नाही नंदे, शंका भरली हाये," तू म्हणायचास. नवा रायपूरलाही तू सोडलं नाहीस. "तिथले रस्ते एवढे रुंद हायेत का गोळी मारली तं अर्ध्यात थकून पडन. तुमाले काय समजते." मी हसायचे आणि तुझ्या कपात अजून चहा ओतायचे.

मग दिवाळीनंतर एक दिवस तुझ्याच खात्याची फाइल माझ्यासमोर आली. दक्षिणेत फिरणाऱ्या काही गाड्यांना बुलेटप्रूफ काचा बसवायच्या होत्या. खाली सही साहेबांची होती, पण अंदाजपत्रक तू बसून केलेलं आहे हे मी पहिल्या पानावर ओळखलं. खर्च पाहून मी चष्मा काढून पुसला. एका गाडीच्या काचांच्या पैशांत जवळजवळ दुसरी गाडी आली असती. वर दारांच्या बिजागऱ्या, स्प्रिंगा, ब्रेक, एसी, असं काय काय जोडलेलं. मला वाटलं, काचेच्या नावानं जुन्या गाड्या नव्या करून घ्यायला निघालेत. आणि भावाच्या हातचा कागद म्हणून मी जरा जास्तच कडक झाले, हेही खरं. उद्या कोणी म्हणायला नको, बहिणीनं डोळे झाकून सोडलं.

मी तीन प्रश्न लिहिले. सगळ्याच काचा कशाला, समोरची आणि ड्रायव्हरच्या बाजूची पुरणार नाही का? काचेच्या खर्चात एसी आणि ब्रेक कुठून आले? आणि जुन्या काचा स्टोअरला जमा केल्याच्या पावत्या का जोडल्या नाहीत? तिसरा प्रश्न तर मी विचार न करताच लिहिला. आमच्याकडे तो लिहायचाच असतो. नवा टायर हवा तर जुना दाखवा, नवी बॅटरी हवी तर जुनी आणून द्या. इतकी वर्षं मी तो प्रत्येक फायलीवर लिहीत आले होते आणि त्यावर कोणी ब्र काढला नव्हता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू समता कॉलनीतल्या माझ्या घरी आलास. खांद्यावर पोतं. मला वाटलं, नवा तांदूळ. मी म्हटलंही, "कोणता हाय, दुबराज काय?" तू पोतं हॉलमध्ये टेकवलंस तेव्हा आतून खळखळ ऐकू आली. तोंड सोडलंस. आत काचेचा चुरा होता, साबुदाण्यासारखा, आणि त्यात माती, वाळली पानं, एक बिडीचं थोटूक.

"हे काय?"

"जुनी काच. जमा करून घे."

"भाऊ, काहून असं करून राहिला?"

"तूच मांगितली ना? बिसाहूच्या गाडीची हाये. खराट्यानं रस्ता झाडून जमा केली. जेवढी भेटली तेवढी आणली. बाकीची त्याच्या गालात होती, ते डॉक्टरनं काढली, ते काही मले भेटली नाही."

बिसाहू म्हणजे तुझ्या हाताखाली गाडी शिकलेला ड्रायव्हर. दोन आठवड्यांपूर्वी गोळी त्याच्या गाडीच्या मागच्या दाराच्या काचेतून शिरली आणि त्याच्या बाजूच्या काचेतून निघून गेली होती. मागच्या सीटवर त्या दिवशी कोणी बसलं नव्हतं. एका डोळ्यानं बघत त्यानं गाडी वळवली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. हे मला तेव्हा तुझ्याकडून कळलं. मी खाली बसायला हवं होतं. तुझा हात धरायला हवा होता. पण भाऊ, मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, "पावती लागते. पोतं नाही."

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू "बरं" म्हणालास, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलंस आणि ते उचलून निघालास. गॅसवर तुझा चहा होता. हॉलमध्ये सांडलेले तुकडे मी दोन दिवस वेचत होते, आणि वेचतानाही मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते की नियम मी नाही केला.

मी फाइल पुढे सरकवली, पण अर्धी. समोरची काच आणि पुढच्या दोन दारांच्या काचा, एवढ्यांना माझी हरकत नव्हती. मागच्या काचा आणि बाकीचं सामान कापलं. मला वाटलं, मधला मार्ग निघाला. तुझा फोन आला.

"नंदे, मांगच्या सीटवर बसते तो काय उधार आणला हाये?"

"पैसे झाडाला लागत नाहीत, भाऊ."

"माणसं लागते काय?"

मग तू जरा हळू बोललास. "आन् काच कधी एकटी येत नाही. वरात घेऊन येते. एकदा येऊन पाह्य, मंग काप." मला तो नुसता टोमणा वाटला. मी म्हटलं, वरातीचा खर्च सरकार करत नाही. तू फोन ठेवलास. त्यानंतर तुझं येणं बंद झालं. वहिनी म्हणाली, जगदलपूरच्या वर्कशॉपला काम निघालं आहे, तिकडे पाठवलं त्यांना. मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

पण रोज सकाळी पेपर आला की मी आधी दक्षिणेची बातमी शोधायचे. माझ्या कापाकापीमुळे फाइल वरच अडून होती, एकही काच लागली नव्हती, आणि त्या गाड्यांचे नंबर मला पाठ झाले होते. बातमी नसली की चहा घशाखाली उतरायचा. हे मी कोणाला बोलले नाही, घरातही नाही. प्रश्न चुकीचे होते असं मला अजून वाटत नव्हतं. पण त्यातल्या एका गाडीचा नंबर पेपरात आला असता तर मी पुन्हा पेन हातात धरलं नसतं.

मे महिन्यात एका शनिवारी मी उठले आणि तुझ्या वर्कशॉपवर आले. भांडण मिटवायलाच आले होते, फाइल हे निमित्त. तिथले लोक म्हणाले, "वो तो बाहर गए हैं, मैडम." कधी येणार विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, मला फाटकातून येताना बघून तू मागच्या दारानं सटकलास. लहानपणी बाबांची रेल्वेची ड्यूटी सुटायच्या वेळी सटकायचास तसा. राग आला. पण आलेच होते, म्हणून एका मेकॅनिकला म्हटलं, अशी काच बसवलेली एखादी गाडी असेल तर दाखवा.

एक होती, दुरुस्तीला आलेली. मी आत बसले आणि त्यानं दार लावलं. भाऊ, रायपूरचा मे महिना आणि ती गाडी. काच खाली होत नाही, हे मला माहीत नव्हतं. एवढी जाड काच खाली जाणार कुठं? एसी बंद पडलेला. मेकॅनिक बाहेरून काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. दोन मिनिटांत माझा ब्लाउज भिजला. दार उघडायला गेले तर उघडेना. खांदा लावला तरी नाही. काचेच्या वजनानं दार खाली बसलं होतं, बिजागरी वाकली होती. त्यानं बाहेरून दोन्ही हातांनी दार उचलून ओढलं तेव्हा मी बाहेर पडले आणि तिथल्याच टायरवर बसले.

त्यानं पाणी दिलं. म्हणाला, असं दार अडकलं की पोरं उघडं ठेवूनच गाडी चालवतात, नाहीतर उतरायच्या वेळी आतच राहायची भीती. मग एवढी महागाची काच काय कामाची? ब्रेकचंही तेच, वजन वाढलं की गाडी थांबत नाही. तू सांगितलेली वरात मला तेव्हा दिसली. जाता जाता मी विचारलं, मागच्या काचा खरंच लागतात का. तो हसला नाही. म्हणाला, "मैडम, गोली सामने से ही आएगी, ऐसा लिख के कौन देगा?"

सोमवारी मी फाइल परत मागवली. माझाच शेरा खोडला, असं नोकरीत मी कधी केलं नव्हतं. सगळ्या काचा लिहिल्या. बिजागऱ्या, स्प्रिंगा, ब्रेक, एसी, सगळं काचेच्याच खर्चात धरावं असं लिहिलं आणि का ते दीड पान लिहिलं. पावतीच्या जागी लिहिलं की काच गोळीनं फुटली असेल तर ठाण्याचा पंचनामा पुरेसा मानावा. वर बोलावून विचारणा झाली, की बाई, तुम्हीच तर कापलं होतं. मी म्हटलं, तेव्हा मी गाडीत बसले नव्हते. पावसाळा लागायच्या आत सही झाली आणि दिवाळीच्या आधी काचा लागल्या.

त्या भाऊबीजेला तू आलास. काळा पडला होतास, वाळला होतास. पाटावर बसलास, ओवाळून घेतलंस, चार करंज्या खाल्ल्यास, माझ्या ताटात गोल बाजारातून घेतलेली साडी टाकलीस. फायलीचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, माफ केलं नाही, फक्त सण म्हणून आला. मीही नाव काढलं नाही. मग पुन्हा चहा सुरू झाला, चेष्टा सुरू झाली, तुझ्या निखिलचं लग्न झालं, तू रिटायर झालास. सात वर्षं आपण दोघं त्या एका गोष्टीला वळसा घालून बोलत राहिलो. ते आठ महिने कोणाचा जीव गेला नाही याचं समाधान मला होतं, पण तुझ्या मनात मी अजून तीच बाई आहे जी पोत्याकडे बघून पावती मागते, असंच मी धरून चालले.

तेरवीला बिसाहू आला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. गालावर बारीक बारीक वण आहेत, देवी आल्यासारखे. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि बोलता बोलता सहज म्हणाला, "भैया ने तो मेरी गाड़ी चलाई ना दीदी, सात-आठ महीना. नई काँच लगते तक."

मी विचारलं, कोणती गाडी?

"वही. सादी काँच वाली. साहब लोग दूसरा ड्राइवर दे रहे थे, नया लड़का. भैया बोले, मैं जाऊँगा." मग माझा चेहरा पाहून तो घाबरला. "आपको तो मालूम होगा न, दीदी?"

निखिल तिथंच उभा होता. तो म्हणाला, "बुआ, मुझे भी नहीं मालूम था."

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी उरलेलं वरण डब्यात काढत होती. मी म्हटलं, "वहिनी, भाऊ जगदलपूरच्या वर्कशॉपला होता ना?" तिनं पळी खाली ठेवली. तिला कळलं. त्या आठ महिन्यांत मी चार वेळा तिच्याकडे गेले होते. तिनं मला तांदळाच्या पिठाचे गरम चिले करून वाढले होते, फायलीबद्दल एक शब्द न काढता. नवरा साध्या काचेची गाडी घेऊन जंगलात फिरतो आहे आणि ती काच अडवणारी समोर बसून चटणी मागते आहे. मी म्हटलं, "मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी सही केली असती."

"मी बी हेच म्हटलं त्यायले," वहिनी म्हणाली. "नंदाताईले सांगा, उद्याच्या उद्या सही करन. तं म्हणे, नाही सांगायचं. मले शपथ घातली. म्हणे, घाबरून केली तं भावासाठी करन. समजून केली तं सगळ्यायसाठी करन."

मग ती रडायला लागली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सुनेनं बाहेरून विचारलं, चहा ठेवू का.

चार दिवस मी तुझ्यावर खूप चिडले आहे, भाऊ. तुला काय अधिकार होता? एखाद्या वळणावर तुझी गाडी सापडली असती तर मी उरलेला जन्म कसा काढला असता, याचा विचार केलास का? केला असशील, आणि तरी गेलास. तुझी खोड मोडणारी आई तेव्हा नव्हती. पण चिडून चिडून माणूस थकतो, आणि थकल्यावर खरं बोलतो. तू मला बरोबर ओळखलं होतंस. तू सांगितलं असतंस तर मी त्याच दुपारी सही केली असती, आणि ती एका गाडीची केली असती. बिसाहूची, कारण तिच्यात तू होतास. बाकीच्या गाड्यांना मी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारले असते, आणि नियमानं वागले म्हणून छान झोपले असते.

म्हणजे तू माझ्यावर रागावून गेला नव्हतास. माझ्यावर भरवसा ठेवून गेला होतास, की ही उशिरा का होईना, येऊन बघेल. वर्कशॉपवाल्यांनी तुला फोन करून सांगितलं असेल, मी आले होते म्हणून. कदाचित नसेलही सांगितलं. भाऊबीजेला तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही, आणि त्यात सात वर्षं गेली. एवढं आयुष्य आपल्याला शिल्लक होतं, म्हणून ती गेली. तू तिथून परत आलास. बिसाहू त्याच्या पोरांना शाळेत सोडतो. ज्यांचे नंबर मला पाठ होते त्या गाड्यांतली माणसं आपापल्या घरी म्हातारी होताहेत. छातीवरचा हा दगड मी किती दिवस वागवत होते ते तो उतरल्यावर कळतंय.

आता वहिनीजवळ बसते थोडा वेळ. तिनं निखिलच्या खोलीत झोपायचं ठरवलं आहे, पलंग सध्या नको म्हणते. त्याआधी तुला एक सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून तुला ते कळलं असेल याची मला खात्री नाही. ज्या दिवशी मी सही केली त्या दिवशी तू कुठं होतास ते मला माहीत नव्हतं. तू वर्कशॉपमध्ये सावलीत बसून माझ्यावर फुगला आहेस, असं मला वाटत होतं. मी सगळ्यांसाठी केली, भाऊ.